सहार ते हाँगकाँग : एका अंतराचा जमाखर्च

घाटकोपरच्या आकाशातून विमाने उतरतात ती इतकी खालून, की गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर क्षणभर त्यांची सावली पडून जाते. पूर्वेकडून ठाण्याची खाडी ओलांडून ती येतात, स्थानकाच्या माथ्यावरून सरळ पश्चिमेकडे सरकतात आणि असल्फाच्या टेकडीपलीकडे दिसेनाशी होतात. धावपट्टी तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. या भागात वाढलेल्या मुलांना विमानाच्या शेपटीचा रंग पाहून कंपनी ओळखता येते आणि घरातल्या थोरांना वेळेवरून गाव ओळखता येते. हे दुबईचे, हे बँकॉकचे, हे हाँगकाँगचे.

यांपैकी हाँगकाँगच्या विमानाकडे घाटकोपर, मुलुंड आणि बोरिवलीच्या व्यापारी घरांचे लक्ष अधिक असते. भारतात पैलू पाडलेले हिरे जगात जिथे सर्वाधिक जातात, त्या ठिकाणांत हाँगकाँगचे नाव फार वरचे. सुरतेत घासलेला माल वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये हात बदलतो आणि तिथून पूर्वेकडे निघतो. अंधेरीच्या सीप्झमध्ये घडलेले दागिनेही याच वाटेने जातात. मालापाठोपाठ माणूस जातो. कधी प्रदर्शनापुरता आठवडाभर, कधी पेढी सांभाळण्यासाठी वर्षानुवर्षे. मग घरात एखादी आजी विचारते, 'हाँगकाँग म्हणजे किती लांब?' प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर एक नाही.

नकाशाचे उत्तर असे. सहारचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि हाँगकाँगचा चेक लॅप कोक विमानतळ यांमधील सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे ४,२८० किलोमीटर भरते. मुंबई-दुबईच्या दुपटीहून ते अधिक आहे. मुंबई-बँकॉकच्या सुमारे तीन हजार किलोमीटरांवर आणखी सव्वा हजारांची भर घालावी, तेव्हा हाँगकाँग येते. दोन्ही शहरे कर्कवृत्ताच्या थोडी दक्षिणेला असल्यामुळे हा प्रवास जवळजवळ सरळ पूर्वेचा आहे. पृथ्वीच्या गोलावर ताणलेला दोरा मात्र किंचित उत्तरेकडे कमान टाकतो. तो सहारहून निघून अहिल्यानगर, मराठवाडा आणि वऱ्हाड ओलांडतो, छत्तीसगड व ओडिशावरून बंगालच्या उपसागराच्या वरच्या टोकाला पोचतो, आणि म्यानमार, लाओस, व्हिएतनाम यांच्या उत्तर भागांवरून दक्षिण चीनमध्ये उतरतो. वाशीम जिल्ह्यातील शिरपूर या दोऱ्यापासून फार दूर नाही. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या या क्षेत्राजवळून अंतरिक्षातूनच आपण चाललो आहोत, याची खबर विमानातल्या बहुतेकांना नसते.  प्रत्यक्ष विमान अर्थात दोऱ्यावरूनच जाते असे नाही. ठरलेले हवाई मार्ग, हवामान आणि नियंत्रकांच्या सूचना यांमुळे ते थोडे इकडे-तिकडे होते आणि अंतरात काही किलोमीटरांची भर पडते.

तिकिटाचे उत्तर वेगळे. जाताना साधारण साडेपाच ते सहा तास, येताना सहा ते साडेसहा. ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटर वेगाने उडणाऱ्या विमानाला ४,२८० किलोमीटरसाठी पाच तास पुरावेत. उरलेला वेळ जमिनीवरचा आणि चढउताराचा असतो. तिकिटावरची वेळ विमान फाटकापासून हलले तेव्हा सुरू होते आणि दुसऱ्या फाटकाला लागले तेव्हा संपते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. एवढ्या मोठ्या शहराची वाहतूक एका पट्टीवर म्हटल्यावर रांग आलीच. आकाशातही आणि जमिनीवरही.

परंतु जाण्यायेण्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक का पडतो? अंतर तर तेच. त्याचे कारण वारा. हिवाळ्यात उत्तर भारतापासून दक्षिण चीनपर्यंत दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा प्रचंड वेगवान पट्टा वाहतो. हवामानशास्त्रात त्याला जेट प्रवाह म्हणतात. पूर्वेला निघालेल्या विमानाला तो पाठीमागून रेटतो आणि परतणाऱ्याच्या छातीवर येतो. पावसाळ्यात हा पट्टा हिमालयापलीकडे सरकतो आणि दक्षिण आशियावर, आणखी उंच थरात, उलट दिशेचे म्हणजे पूर्वेकडून येणारे वारे प्रबळ होतात. भारतीय हवामान खात्यातील शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली या पूर्वीय जेट प्रवाहाचे विवेचन प्रसिद्ध केले, आणि मोसमी पावसाच्या अभ्यासात ते नाव तेव्हापासून टिकून आहे. फेब्रुवारीत जाताना मिळणारी वाऱ्याची मदत त्यामुळे श्रावणात आटते. चातुर्मासात प्रवास टाळण्याची रीत पाळणाऱ्यांना याचा प्रत्यय येण्याचे कारण नाही. बाजार ज्यांना बोलावतो, त्यांना येतो.

वाऱ्याचे हे देणेघेणे मुंबईच्या व्यापाऱ्याला नवे नाही. दोनशे वर्षांपूर्वी मुंबईहून चीनला जाणारे जहाज भारताच्या दक्षिण टोकाला वळसा घालून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून दक्षिण चिनी समुद्रात शिरत असे. हा मार्ग सुमारे सात हजार किलोमीटरांचा. नैऋत्य मोसमी वाऱ्यावर जायचे आणि हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यावर परतायचे. वारा अनुकूल असला तर एका बाजूला दीड-दोन महिने, आणि परतीचा वारा फिरेपर्यंत कॅन्टनच्या वखारीत मुक्काम. अशा रीतीने एका फेरीत वर्षाचा मोठा भाग सरे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १७९९ ते १८०७ या काळात चीनच्या अशा पाच सफरी केल्या. त्यांपैकी एका सफरीत, १८०५ साली, फ्रेंचांनी त्यांचे 'ब्रन्सविक' जहाज पकडले आणि त्यांना थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत नेले. निघाले होते पूर्वेला, पोचले पश्चिमेला.

याच जमशेटजींचे व्यवहारातील भागीदार होते शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच जैन समाजाला परिचित असलेले शेठ मोतीशा (१७८२-१८३६). भायखळ्याचे आदीश्वर देरासर, मुंबईची पांजरापोळ आणि पालिताण्याला कुंतासरची खोल दरी भरून उभारलेली मोतीशा टूंक या त्यांच्या कीर्तीच्या खुणा सर्वज्ञात आहेत. या वैभवामागे चीनकडे जाणारी जहाजे होती, हे तितके सांगितले जात नाही. त्या जहाजांत गुजरातचा कापूस असे आणि माळव्याची अफूही असे. मुंबईच्या त्या काळच्या सर्वच धर्मांच्या पेढ्या या व्यापारात होत्या. पारशी, जैन, कोकणी मुसलमान, गोव्याचे ख्रिस्ती. इतिहासाचे हे पान वगळून मुंबई-हाँगकाँग अंतराचा हिशेब पुरा होत नाही. कारण हाँगकाँग ब्रिटिशांच्या हाती गेले तेच अफूच्या युद्धातून. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला आणि त्याने ते बेट ब्रिटनला मिळाले. तहावर सह्या झाल्या 'कॉर्नवॉलिस' या युद्धनौकेवर, आणि ही नौका बांधली होती मुंबईच्या गोदीत, वाडिया कारागिरांनी, सागवानी लाकडाची. मोतीशा तोपर्यंत हयात नव्हते. पालिताण्याच्या टूंकेची प्रतिष्ठाही त्यांच्या पश्चात, त्यांचे पुत्र खीमचंद यांच्या हस्ते झाली.

हाँगकाँगमध्ये मुंबईकरांच्या पाऊलखुणा आजही रस्त्यांवर वाचता येतात. हिऱ्यांच्या अनेक भारतीय पेढ्या असलेल्या त्सिम शा त्सुई भागात मोदी रोड आहे. ते नाव मुंबईत जन्मलेल्या सर होरमसजी नवरोजी मोदी यांचे. हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीसाठी त्यांनी मोठी देणगी दिली होती. बंदराच्या दोन्ही काठांना जोडणारी स्टार फेरीही मूळची एका मुंबईकर पारशाची, दोराबजी नवरोजी यांची. १८८८ साली त्यांनी फेरी कंपनी काढली. असे सांगतात की तरुणपणी ते मुंबईहून जहाजात लपून हाँगकाँगला पोचले होते. म्हणजे या मार्गावर तिकिटाविना प्रवास करणारेही होऊन गेले.

विमान आल्यानंतर महिन्यांचे तास झाले, पण एकदम नव्हे. १९५० च्या दशकात एअर इंडियाची पंखे असलेली कॉन्स्टेलेशन विमाने मुंबईहून बँकॉकला थांबून हाँगकाँगच्या काई टाक विमानतळावर उतरत. अशाच एका विमानाचे नाव 'काश्मीर प्रिन्सेस'. ११ एप्रिल १९५५ रोजी मुंबईहून आलेले हे विमान बांडुंग परिषदेसाठी चिनी प्रतिनिधींना घेऊन हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. काई टाकच्या मुक्कामात त्यात बॉम्ब ठेवला गेला होता. दक्षिण चिनी समुद्रावर स्फोट झाला. कॅप्टन डी. के. जटार यांनी पेटते विमान पाण्यावर उतरवण्याची शर्थ केली, त्यात ते गेले. एकूण सोळाजण दगावले आणि तिघे वाचले. वाचलेल्यांत विमानाचे देखभाल अभियंता अनंत कर्णिक होते. त्यांनी पुढे या दुर्घटनेवर पुस्तक लिहिले. पूर्वेच्या हवाई मार्गाची कहाणी सांगताना या मराठी नावांची आठवण ठेवायला हवी.

आता उपनगराचे उत्तर. ते नकाशात नसते आणि तिकिटावरही नसते. घाटकोपरहून सहार सात-आठ किलोमीटर, बोरिवलीहून आणि मुलुंडहून सतरा-अठरा. हाँगकाँगच्या चार हजार किलोमीटरांपुढे ही संख्या नगण्य, पण तिचा भाव वेगळ्या दराने लागतो. बोरिवलीहून पश्चिम द्रुतगती मार्गाने संध्याकाळी निघालेली गाडी कधी पाऊण तासात पोचते, कधी दीड तासात. आणि कोणत्या दिवशी कोणता तास लागेल हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येकजण दीड तासच धरून निघतो. मुलुंडकरांपुढे पवईवरून जाणारा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता असतो, आणि तिथे काय होते हे मुलुंडकरांना सांगण्याची गरज नाही. घाटकोपरला ८ जून २०१४ पासून वर्सोव्यापर्यंतची मेट्रो आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाल्यावर मरोळ नाक्याला गाडी बदलायची आणि पुढचेच स्थानक दोन नंबर टर्मिनल, अशी सोय झाली. बोरिवलीकरांनाही गुंदवलीपर्यंत मेट्रोने येऊन दोनदा गाडी बदलत हे साधता येते. अडचण एवढीच, की हाँगकाँगची बहुतेक विमाने रात्री उशिरा निघतात, बॅगा दोन असतात आणि पोचवायला पाचजण येतात. मेट्रोत हा सगळा लवाजमा मावत नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. ऐरोलीचा पूल ओलांडून उलव्याला जायचे की पवईत अडकायचे, असा नवा पर्याय मुलुंडला त्यामुळे लाभला आहे.

आता दारापासून दारापर्यंतची बेरीज मांडून पाहावी. बोरिवलीहून विमानतळ दीड तास. उड्डाणापूर्वी तीन तास हजेरी. विमानात पावणेसहा. हाँगकाँगला पारपत्र-तपासणी आणि सामान मिळून पाऊण-एक तास. तिथून विमानतळाची जलद रेल्वे वीस-बावीस मिनिटांत कौलूनला नेते, पुढे हॉटेलपर्यंत आणखी थोडा वेळ. एकूण जवळपास बारा तास, आणि त्यातला प्रत्यक्ष हवेतला भाग निम्म्याहूनही कमी. विमानाचा वेग गेल्या पन्नास वर्षांत फारसा वाढलेला नाही. वाढले आहे ते त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे.

याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ती काहीशी गमतीची, काहीशी कष्टाची. ऑक्टोबर २०१० मध्ये भारत डायमंड बोर्स वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झाले आणि ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीभोवती फिरणारा हिऱ्यांचा बाजार हळूहळू उत्तरेकडे सरकला. उपनगरांतील व्यापाऱ्यांना बाजार जवळ आला, तरी बोरिवली किंवा मुलुंडहून बोर्सला जाऊन-येऊन रोजचे अडीच-तीन तास जातातच. दोन दिवसांच्या येण्याजाण्यात हाँगकाँगची एक फेरी भरते. जो गृहस्थ 'हाँगकाँग फार लांब पडते' म्हणून मुलाला तिकडे पाठवायला कचरतो, तो स्वतः महिन्यातून बारा वेळा तितक्या वेळाचा प्रवास कलानगरच्या सिग्नलवर करीत असतो.

घड्याळाचे कोडे याहून निराळे. हाँगकाँगचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे. त्यामुळे रात्री एकला सुटलेले विमान तिकिटावर सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचते, आणि आजोबा म्हणतात, आठ तास दहा मिनिटे लागली. परतताना दुपारी तीनला सुटलेले विमान संध्याकाळी पावणेसातला मुंबईत, म्हणजे पावणेचार तास. खरे पाहता जाताना लागले पाच तास चाळीस मिनिटे आणि येताना सव्वासहा तास. ज्यांचे आयुष्य खातेवहीत गेले त्यांच्यासाठी एक समाधान मात्र आहे: आठ-दहा आणि तीन-पंचेचाळीस मिळून अकरा तास पंचावन्न मिनिटे; पाच-चाळीस आणि सहा-पंधरा मिळूनही अकरा तास पंचावन्न. जाताना उसने दिलेले अडीच तास परतताना वसूल होतात आणि ताळा जुळतो.

सूर्याचा ताळा मात्र घड्याळाशी जुळत नाही, आणि चौविहार पाळणाऱ्या घरांना खरा प्रश्न इथे पडतो. दोन विमानतळांच्या रेखांशांत ४१ अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे हाँगकाँगचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा पावणेतीन तास आधी उगवतो आणि ढोबळमानाने तितकाच आधी मावळतो. घड्याळांत फरक अडीच तासांचा, सूर्यात पावणेतीनचा. घड्याळ ही माणसांनी ठरवलेली वेळ आहे. मुंबईनेच १९५५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे चालणारा आपला 'बॉम्बे टाइम' महापालिकेच्या घड्याळांत टिकवून धरला होता. पच्चक्खाण घड्याळावर नसते, सूर्यावर असते.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, दिवस-रात्र समान असताना, सकाळी अकराला मुंबईहून विमान सुटले असे समजू. मुंबईत त्या दिवशी सूर्यास्त पावणेसातनंतरचा. परंतु हे विमान सूर्याच्या उलट दिशेने धावते. सूर्य पश्चिमेला, विमान पूर्वेला. दोघांचे अंतर दीडपट घाईने वाढते. परिणामी प्रवाशाच्या हातावरच्या, मुंबईच्या वेळेवर असलेल्या घड्याळात सव्वाचार वाजण्याच्या सुमारास त्याच्याखालच्या भूमीवर सूर्य मावळतो. उंचीमुळे खिडकीतून तो आणखी दहाएक मिनिटे दिसत राहतो. मग सूर्यास्त कोणता मानावा? खालच्या भूमीचा, की डोळ्यांना दिसणारा? कोणी भूमीचा मानतात, कोणी खिडकीतला. कोणी मुंबईत विमानात चढण्यापूर्वीच जेवण आटोपून त्या दिवसाचा प्रश्नच मिटवून टाकतात. शास्त्रार्थ ज्याने त्याने आपल्या गुरुमहाराजांकडून जाणून घ्यावा. प्रवाशाने लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की मुंबईचे छापील कोष्टक खिशात असून उपयोग नाही. त्यातल्या पावणेसातवर विसंबणारा अंधारात जेवतो. दुपारचे जेवण सुटल्यावर तासा-दीड तासाने आणि फराळ उतरण्यापूर्वी तासा-दीड तासाने मिळाला तर दोन्ही उजेडात बसतात.

रात्रीच्या विमानात प्रश्न नवकारशीचा येतो. एकला निघालेल्या प्रवाशाला त्याच मार्चमध्ये मुंबईच्या घड्याळानुसार पहाटे पावणेपाचच्या आतबाहेर, बहुधा लाओसच्या डोंगरांवर, सूर्य दिसतो. नवकारशीच्या दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, तिथून मोजायच्या. विमानात सकाळचा नाश्ता कित्येकदा त्याआधीच समोर येतो. सेविकेला 'थोड्या वेळाने द्या' असे सांगितले तर ती ट्रे मागे ठेवते. मात्र हे वेळीच सांगावे लागते. अन्नाची व्यवस्था हल्ली सुकर झाली आहे. विमान कंपन्यांच्या यादीत जैन भोजनासाठी 'व्हीजेएमएल' असा स्वतंत्र संकेत असतो आणि कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळे त्यात नसतात. मागणी साधारण एक-दोन दिवस आधी नोंदवावी लागते; ऐनवेळी मागितल्यास मिळत नाही. तरीही खाखरे आणि थेपले यांचा डबा प्रत्येक पिशवीत असतोच. तो भुकेसाठी असतो, असे म्हणता येणार नाही. तो पोचवायला आलेल्यांच्या समाधानासाठी असतो.

चेक लॅप कोकचा विमानतळ ६ जुलै १९९८ रोजी सुरू झाला, समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर. विमान उतरताना दोन्ही बाजूंना पाणी दिसते आणि मग अचानक धावपट्टी लागते. रत्नांचे मोठे प्रदर्शन विमानतळाला लागूनच असलेल्या सभागृहात भरते, त्यामुळे प्रदर्शनाच्या दिवसांत काही व्यापारी सकाळी उतरून थेट तिथेच जातात. भारतीय पारपत्रधारकांना चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परंतु जानेवारी २०१७ पासून निघण्यापूर्वी ऑनलाइन नोंदणी करून तिची प्रत जवळ बाळगावी लागते. सहारच्या काउंटरवर ही प्रत नसल्याचे ध्यानात येणे हा प्रसंग अनेकांच्या वाट्याला आला आहे. शहरात मात्र परकेपणा फार वेळ टिकत नाही. कौलूनच्या पदपथांवर गुजराती कानावर पडते, देरासर आहे, शुद्ध शाकाहारी जेवण मिळते. चाळीस मजली इमारतीच्या पंधराव्या मजल्यावर उत्तरेकडच्या खिडकीशी पांढऱ्या कागदावर पुडी उघडली जाते, आणि मग बोर्समध्ये चालते तीच भाषा चालते: कॅरेट, सेंट, रंग, भाव.

या मार्गाचे अंतर एकदा अचानक वाढले होते. मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात भारतातून होणारी नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा थांबली, ती दोन वर्षांनी, २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत सुरू झाली. मधल्या काळात अधूनमधून विशेष विमाने निघत, पण एप्रिल २०२१ मध्ये हाँगकाँगने भारतातून येणारी विमाने बंद केली आणि २०२२ च्या जानेवारीत पुन्हा बंद केली. ज्यांना जाता आले, त्यांनाही काही काळ तिथे पोचल्यावर हॉटेलच्या बंद खोलीत एकवीस दिवस काढावे लागत. पावणेसहा तासांचा प्रवास तीन आठवड्यांवर गेला. शिडाच्या जहाजांच्या काळाकडे निम्मी वाट मागे. किलोमीटर एकही वाढला नव्हता. या काळात मुलुंडची कितीतरी घरे कौलूनमधल्या घरांशी फक्त मोबाइलच्या पडद्यावर जोडलेली होती. नातवंडे पडद्यातच चालायला शिकली. काही घरांत इकडे आई-वडिलांचे अखेरचे दिवस सरले आणि मुलाने हाँगकाँगमधून अंत्यदर्शन घेतले, तेही पडद्यावर. त्या घरांना 'हाँगकाँग किती लांब' हे विचारू नये.

तो बंदिवास हाँगकाँगने २६ सप्टेंबर २०२२ रोजी संपवला. विमाने पुन्हा भरून जाऊ लागली, प्रदर्शने पुन्हा भरू लागली, आणि पोचवायला येणारे पाचजण दोन नंबर टर्मिनलच्या दाराशी पुन्हा दिसू लागले.

परतीचा प्रवास दुपारच्या विमानाने करावा. मार्चमध्ये दुपारी तीनला हाँगकाँगहून निघालेले विमान सूर्याचा पाठलाग करते. हाँगकाँगमध्ये राहणाऱ्याला त्या दिवशी आणखी साडेतीन तासांचा उजेड मिळतो, विमानात बसलेल्याला सव्वासहा तासांचा. डाव्या खिडकीत ऊन तासन्‌तास तसेच तिरपे पडून राहते. जाताना आखडलेला दिवस आता लांबत जातो, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याला कसलीच घाई राहत नाही. ओडिशाचा किनारा लागतो, छत्तीसगडची वने जातात, वऱ्हाडातल्या मळ्यांवर लांब सावल्या पडू लागतात. मग सह्याद्री, ठाण्याची खाडी, ऐरोलीचा पूल. विषुवदिनाच्या सुमारास सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो आणि सहारची मुख्य धावपट्टीही नेमकी पूर्व-पश्चिम आहे. वैमानिकाच्या समोर त्या संध्याकाळी धावपट्टी आणि सूर्यबिंब एका रेषेत येतात.

विमान घाटकोपरवर येते तेव्हा खिडकीतून गच्च्या मोजता येतात. पाण्याच्या टाक्या, देरासराची ध्वजा, मेट्रोचा डबा, सारे ओळखीचे. घरच्यांना वेळ ठाऊक असते, म्हणून आई गच्चीवर येऊन उभी असते. शेपटीचा रंग पाहून ती खाली जाते आणि दिवाणखान्यात सांगते, 'आला.' पारपत्राची रांग, सामानाचा पट्टा, मरोळ नाक्याला गाडी बदलणे हे सारे व्हायचे असते. घरावरून विमान गेले ते पावणेसातला. दाराची घंटा वाजते ती साडेआठला.